डॉक्टर ह्यू ओवेन टॉमस : एका हाडवैद्याच्या मुलाचें चरित्र

एखाद्या रुग्णालयाच्या अपघातविभागांत जाण्याचा प्रसंग ज्या वाचकांस आला असेल, त्यांच्या दृष्टीस एक साधें उपकरण कदाचित् पडलें असेल. चामड्यानें मढविलेलें एक लोखंडी कडें, त्या कड्यापासून निघून पायाच्या दोन्ही बाजूंनीं पावलाच्या पलीकडे गेलेल्या दोन सळया, आणि त्या सळयांमध्यें पट्ट्यांच्या झोळींत अलगद ठेवलेला मोडका पाय. दिसावयास हें उपकरण इतकें साधें, कीं गांवचा लोहारहि तें करून देईल. परंतु ह्या साध्या लोखंडानें असंख्य माणसांचे पाय वांचविले आहेत, आणि युद्धभूमीवर अनेकांचे प्राणहि. सगळें जग त्यास टॉमस स्प्लिंट ह्या नांवानें ओळखतें. तें करणारे टॉमस कोण, हें मात्र फार थोड्यांना ठाऊक असतें. ते कोणा राजाचे शल्यवैद्य नव्हते, कोणत्याहि विद्यापीठांत अध्यापक नव्हते. मोठ्या रुग्णालयांतील मानाची जागाहि त्यांना जन्मभर मिळाली नाहीं. एका बंदराच्या शहरांत, गोदींतल्या हमालांचीं व खलाशांचीं मोडलेलीं हाडें सांधण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. त्या आयुष्याची ही हकीकत आहे.

वेल्स देशाच्या वायव्येस अँगलसी नांवाचें एक बेट आहे. सुमारें १७४५ सालीं त्या बेटाच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलें आणि त्यांतला एक लहान मुलगा वांचून किनाऱ्यास लागला. त्याची भाषा तेथें कोणालाच समजेना. एका कुटुंबानें त्याला आपलासा केला व त्याचें नांव एव्हन टॉमस असें ठेविलें. ह्या मुलाच्या बोटांत एक विलक्षण गुण होता. प्रथम जनावरांचीं आणि मागाहून माणसांचीं मोडलेलीं हाडें तो बसवूं लागला, आणि वैद्यकाच्या शाळेचें तोंडहि न पाहतां त्या प्रदेशांतील नामांकित हाडवैद्य झाला. त्याची विद्या मुलांकडे व नातवंडांकडे उतरली. आपल्याकडेहि पिढ्यान् पिढ्या कमट्या बांधून हाडें बसविणारीं घराणीं आहेत. त्यांसारखेंच हें घराणें होतें. समुद्रानें आणून टाकलेला हा मुलगा म्हणजे आपल्या चरित्रनायकाचा पणजोबा.

ह्यूच्या वडिलांचें नांवहि एव्हनच. ते तरुणपणीं लिव्हरपूल बंदरांत आले आणि आरंभीं एका ओतकामाच्या कारखान्यांत राबले. पुढें त्यांच्या हाताचा गुण लोकांना कळला व त्यांच्या दारीं रोग्यांची रीघ लागली. ही गोष्ट शहरांतील डॉक्टरांस रुचावी कशी? पदवी नसलेला मनुष्य हाडें बसवितो म्हणून त्यांना एकाहून अधिक वेळां न्यायालयाची पायरी चढावी लागली. लोकांचें प्रेम होतें, पण प्रतिष्ठा नव्हती. हातांत विद्या होती, पण तिचा दाखला नव्हता. हें शल्य त्या मानी पुरुषाच्या मनांत खोल रुतलें असावें. आपल्या पांचहि मुलांना त्यांनीं वैद्यकाच्या शिक्षणास घातलें आणि ते पांचहि जण डॉक्टर झाले. त्यांतला थोरला ह्यू ओवेन. त्याचा जन्म १८३४ च्या ऑगस्ट महिन्यांत अँगलसी बेटावर झाला.

ह्यू प्रकृतीनें फार अशक्त होता. म्हणून त्याला शहरांतल्या धुरांत न ठेवतां तेराव्या वर्षापर्यंत बेटावर आजीआजोबांकडे ठेवण्यांत आलें. तेथेंच एकदां एका मुलानें भिरकाविलेला दगड त्याच्या डोळ्यास लागला. त्या डोळ्याची पापणी कायमची बिघडली आणि वारा व धूळ चुकविण्यासाठीं त्याला पुढें आलेल्या झांपेची टोपी जन्मभर कपाळावर ओढून घालावी लागली. ज्यानें पुढें सहस्रावधि पंगूंना उभें केलें, तो स्वतःहि असा एका इजेची खूण बाळगून वाढला.

वयाच्या सतराव्या वर्षीं ह्यू आपल्या मामाकडे, डॉक्टर ओवेन रॉबर्ट्स ह्यांच्याकडे, उमेदवारीस राहिला. चार वर्षें तेथें काढल्यावर एडिंबरो व लंडन येथें त्यानें पुढील शिक्षण घेतलें आणि १८५७ सालीं शल्यवैद्याची सनद मिळविली. मग कांहीं काळ पॅरिस येथील रुग्णालयें पाहून तो लिव्हरपूलला परतला व वडिलांच्या हाताखालीं काम करूं लागला. वडिलांचें स्वप्न पुरें झालें असें कोणासहि वाटलें असतें. पण दैवाची गति निराळी होती. एकाच्या पाठीशीं तीन पिढ्यांचा अनुभव, दुसऱ्याच्या पाठीशीं नव्या शास्त्राचें ज्ञान. आणि दोघेहि सारखेच हट्टी. वर्षभरांत बापलेकांचें फाटलें व १८५९ सालीं मुलानें आपला वेगळा दवाखाना थाटला. तरीहि त्यानें घराण्याची विद्या टाकली नाहीं. हातानें चांचपून हाडाची स्थिति ओळखणें, रोग्याच्या अंगाला साजेल असें साधन स्वतः तयार करणें, आणि घाई न करणें, ह्या तीन गोष्टी त्यानें वडिलांपासूनच घेतल्या होत्या. त्या काळच्या इंग्लंडांत हाडवैद्याजवळ हात होता व डॉक्टराजवळ ग्रंथ होता. ह्या दोहोंची गांठ एका माणसांत पडली, हेंच टॉमस ह्यांच्या कार्याचें मूळ होय.

लिव्हरपूल हें त्या वेळीं जगांतील मोठ्या बंदरांपैकीं एक होतें. गोदींत रात्रंदिवस माल चढे व उतरे. सांखळी तुटावी, ओझें कोसळावें, शिडावरून खलाशी पडावा, हें नेहमींचेंच. श्रीमंताचा पाय मोडला तर त्याचें सुख जाई; हमालाचा पाय मोडला तर घरांतल्या सर्वांच्या तोंडचा घांस जाई. पाय वांचतो कीं कापला जातो, ह्यावर एका कुटुंबाचें भवितव्य अवलंबून असे. टॉमस ह्यांचे बहुतेक रोगी हेच होते. कामगारांच्या अनेक मंडळांनीं त्यांना आपला डॉक्टर नेमिलें होतें. नेल्सन स्ट्रीटवरील ११ क्रमांकाचें त्यांचें घर म्हणजे पंगूंचें माहेरघर झालें.

मोडक्या हाडांहून अवघड असा दुसरा एक शत्रु होता, आणि तो म्हणजे सांध्यांचा क्षय. गरिबांच्या मुलांत हा रोग फार. खुबा किंवा गुडघा सुजे, मूल रात्रीं वेदनेनें किंचाळत उठे, पाय हळूहळू आंखडून जाई. त्यावर जंतुनाशक औषध त्या काळीं नव्हतें. कित्येक शल्यवैद्य सांधाच कापून काढीत, कित्येक पाय तोडीत, आणि कित्येक सांधा ताठ होऊं नये म्हणून तो दुखत असतांनाच बळेंच हालवीत. टॉमस ह्यांनीं ह्या सर्वांस विरोध केला. त्यांचें म्हणणें असें, कीं शरीर आपली दुरुस्ती आपणच करीत असतें. वैद्यानें तिच्या आड येऊं नये. दुखणारा सांधा रोज हालविणें म्हणजे भरत आलेल्या जखमेवरील खपली रोज काढण्यासारखें आहे. म्हणून सांध्याला विश्रांति द्यावी. ही विश्रांति सक्तीची असावी, कारण मूल खेळण्याच्या भरांत दुखणें विसरतें. ती अखंड असावी, कारण एका दिवसाच्या हालचालीनें महिन्याची कमाई जाते. आणि ती दीर्घ असावी, कारण हाडाला घाई ठाऊक नसते.

परंतु येथें त्यांच्या बुद्धीचा खरा विशेष दिसतो. विश्रांति सांध्याला हवी. सबंध माणसानें वर्षानुवर्षें अंथरुणावर कां खितपत पडावें? लिव्हरपूलच्या कोंदट खोलींत निजून राहिलेलें मूल खंगून जाईल, तें मोकळ्या हवेंत फिरलें पाहिजे. ह्यासाठीं त्यांनीं गुडघ्याचें स्प्लिंट तयार केलें. त्याचें कडें जांघेंत तिरपें बसे आणि ज्या हाडावर आपण बसतों त्या बैठकीच्या हाडाला टेके. दोन सळया पावलाखालीं जाऊन मिळत. दुसऱ्या, चांगल्या पायाच्या बुटाखालीं लोखंडी घोडी लावून तो पाय उंच करीत. मग कुबड्या घेऊन मूल चाले, आणि दुखरा पाय जमिनीस न लागतां सुरक्षित राही. रोग बराच हटला म्हणजे सळया आंखूड करून त्यांचीं टोंकें बुटाच्या टाचेंत अडकवीत. आतां मुलगा दोन्ही पायांनीं चाले, तरी अंगाचा भार गुडघ्यावर येत नसे. तो बैठकीच्या हाडावरून कड्यावर, कड्यावरून सळयांवर आणि सळयांवरून थेट जमिनीवर उतरे. पडक्या भिंतीला टेकू देऊन छपराचें ओझें बाजूनें खालीं उतरवावें, तसाच हा प्रकार. ह्याच साधनास पुढें कॅलिपर असें नांव पडलें.

खुब्याच्या रोगाची परीक्षाहि त्यांनीं तितकीच साधी करून ठेविली. खुबा आंखडला असला तरी रोगी कंबरेंत बांक देऊन पाय सरळ टाकतो आणि वैद्य फसतो. टॉमस रोग्याला टेबलावर उताणें निजवीत आणि त्याची चांगली मांडी पोटाशीं दाबून धरीत. त्यामुळें कंबर टेबलास सपाट लागे, आणि खुबा आंखडलेला असल्यास दुखरी मांडी आपोआप वर उचलली जाई. ह्या परीक्षेस यंत्र लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. वैद्यकाचे विद्यार्थी ती त्यांच्याच नांवानें शिकत आले आहेत. रोगी बरा झाला कीं नाहीं, हें ठरविण्याचीहि त्यांची एक कसोटी होती. स्प्लिंट काढल्यावर कांहीं दिवसांनीं पाय आहे तसाच सरळ राहिला तर तो बरा झाला. पुन्हां वांकूं लागला तर विश्रांति अपुरी पडली असें समजून स्प्लिंट पुन्हां बांधावें.

त्यांच्या घरीं दवाखान्यास लागूनच एक कारखाना होता. तेथें लोहार भाता फुंकीत असे व जिनगर चामडें शिवीत असे. पायाचें माप घ्यावयाचें, कड्याचा घेर ठरवावयाचा, चामडें कोठें जाड व कोठें मऊ हवें तें सांगावयाचें, आणि शेवटीं रोग्याच्या अंगावर चढवून जेथें सळई टोंचेल तेथें ती वांकवावयाची, हें सगळें टॉमस जातीनें पाहत. तयार साधनांत रोग्याला कोंबणें त्यांना मान्य नव्हतें. साधनानें रोग्यास अनुसरावें, असा त्यांचा कटाक्ष होता. वांकड्या पावलांसाठीं पान्यासारखें हत्यार, मानेसाठीं गळपट्टा, सपाट पावलांसाठीं आंतल्या बाजूनें पुढें वाढविलेली व किंचित् उंच केलेली बुटाची टाच, अशीं कितीतरी साधनें त्या भात्याजवळ जन्मास आलीं.

पहांटे उठून ते रोगी पाहावयास निघत, तें रात्रीं उशिरांपर्यंत त्यांचें काम चाले. ठेंगणी, कृश मूर्ति, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला काळा कोट, डोळ्यावर ओढलेली टोपी आणि ओठांत सिगारेट, असें त्यांचें रूप शहरांतल्या पोरासोरांच्याहि ओळखीचें होतें. रविवारीं ते गरिबांस फुकट तपाशीत. त्या दिवशीं नेल्सन स्ट्रीटवर कुबड्यांचा खडखडाट ऐकूं येई. कोणी पाठुंगळीस मूल घेऊन, कोणी हातगाडीवर आईला घालून येई. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ ह्या कामांत त्यांच्या पाठीशीं उभ्या असत. १८६४ सालीं त्यांचा विवाह झाला होता. ह्या दांपत्यास अपत्य नव्हतें.

चरित्र लिहितांना केवळ गुणच सांगणें हा अन्याय होईल. टॉमस ह्यांचा स्वभाव तापट होता व जीभ तिखट होती. १८७५ सालीं त्यांनीं खुबा, गुडघा व घोटा ह्यांच्या रोगांवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें लिहिलेल्या पुस्तकांतून त्यांनीं समकालीन शल्यवैद्यांवर सडकून टीका केली. ज्यांना पटवावयाचें त्यांनाच दुखविल्यावर ऐकणार कोण? वैद्यकाचीं मोठीं पीठें लंडनमध्यें. आणि हा हाडवैद्याचा मुलगा दूर बंदरांत बसून त्यांना धडे देतो! बहुतेकांनीं त्यांचे ग्रंथ उघडूनहि पाहिले नाहींत. त्यांच्या मताची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. विश्रांतीवर त्यांचा भर कांहीं वेळां प्रमाणाबाहेर गेला. योग्य वेळीं हालचाल सुरू न केल्यास स्नायू क्षीण होतात व सांधे आंखडतात, हें पुढील अनुभवानें सिद्ध झालें. १९४४ नंतर स्ट्रेप्टोमायसिनसारखीं औषधें मिळूं लागल्यावर सांध्यांच्या क्षयासाठीं वर्षानुवर्षें बांधून राहण्याची गरजहि उरली नाहीं. पण औषध नसलेल्या काळांत, पाय तोडणें आणि पाय राखणें ह्यांत निवड करावयाची होती, तेव्हां त्यांनीं पाय राखला, हें विसरतां येत नाहीं.

देवानें त्यांना पुत्र दिला नाहीं. शिष्य मात्र असा दिला, कीं पुत्रानेंहि हेवा करावा. एलिझाबेथ ह्यांचा भाचा रॉबर्ट जोन्स १८७३ सालीं सोळा वर्षांचा असतांना त्यांच्या घरीं राहावयास आला. त्याच कारखान्यांत लोखंड वांकविणें व चामडें शिवणें तो शिकला, आणि १८७८ सालीं शल्यवैद्य होऊन मामांचा सहायक झाला. मामा तिखट तर भाचा मृदु. मामा वाद घालीत तर भाचा करून दाखवी. १८८८ सालीं मँचेस्टरच्या जहाजी कालव्याच्या कामावर जोन्स ह्यांची शल्यवैद्य म्हणून नेमणूक झाली. सुमारें ३६ मैलांच्या त्या कामावर हजारों मजूर खपत होते व अपघात नित्याचे होते. जोन्स ह्यांनीं कालव्याच्या कांठानें रुग्णालयें उभारलीं आणि मामांची पद्धति मोठ्या प्रमाणावर चालविली. एका घरांतली विद्या प्रथमच घराबाहेर पडली.

त्या विद्येचा जयजयकार पाहणें मात्र टॉमस ह्यांच्या नशिबीं नव्हतें. प्रकृति मूळचीच नाजूक, त्यांत अविश्रांत श्रम. जगाला विश्रांतीचा उपदेश करणाऱ्या ह्या पुरुषानें स्वतःस ती कधीं दिली नाहीं. एका रोग्यास पाहावयास गेले असतां थंडी बाधली, फुप्फुसांचा दाह झाला, आणि ६ जानेवारी १८९१ रोजीं, वयाच्या छपन्नाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. अंत्ययात्रेच्या वेळीं लिव्हरपूलच्या रस्त्यांच्या दुतर्फा गोरगरिबांची अपार गर्दी लोटली होती. विद्वानांच्या सभांनीं जो मान दिला नाहीं, तो त्या दिवशीं फाटक्या कपड्यांतल्या माणसांनीं दिला.

तेवीस वर्षें लोटलीं आणि १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. मांडीचें हाड हें शरीरांतील सर्वांत लांब व बळकट हाड. गोळी लागून तें मोडलें म्हणजे भोंवतालचे जाड स्नायू आंखडतात, तुटलेलीं टोंकें एकमेकांवर चढतात व मांसांत रुततात. लिटरभर किंवा त्याहूनहि अधिक रक्त मांडींतल्या मांडींत वाहून जातें. अशा जखमी सैनिकास खांचखळग्यांतून उचलून नेतांना प्रत्येक हिसक्यासरशीं तीं टोंकें सुऱ्यासारखीं फिरत, आणि रुग्णालय गांठण्यापूर्वींच कित्येकांचे प्राण जात. रॉबर्ट जोन्स ह्यांनीं मामांचें जुनें स्प्लिंट पुढें केलें. त्याची युक्ति एका वाक्यांत सांगतां येते: कडें बैठकीच्या हाडाला टेकतें, पाऊल सळयांच्या टोंकाकडे ओढून बांधलें जातें, आणि ह्या टेक्याच्या व ओढीच्या मध्यें मोडलेलें हाड ताणून स्थिर राहतें. हाड स्थिर झालें कीं वेदना कमी होते, रक्तस्राव आटोक्यांत येतो, आणि मनुष्य प्रवास सोसूं शकतो. बूट न काढतां, जागच्या जागीं, अंधारांतहि तें बांधतां यावें म्हणून जखमींना वाहून नेणाऱ्या शिपायांकडून डोळे बांधून त्याची तालीम करून घेत असत.

युद्धाच्या आरंभीं अशा जखमींपैकीं शेंकडा ८० च्या आसपास दगावत, आणि स्प्लिंट सर्वत्र गेल्यावर हें प्रमाण शेंकडा २० च्या आसपास आलें, असा हिशेब रॉबर्ट जोन्स ह्यांनीं दिला आहे. जखमा लवकर धुऊन साफ करणें, जलद वाहतूक, रक्त चढविणें ह्या सुधारणांचाहि त्यांत वांटा होता. सगळें श्रेय एका लोखंडाला देणें टॉमस ह्यांनाहि आवडलें नसतें. तरी त्या लोखंडावांचून पुढचे उपाय रोग्यापर्यंत पोंचलेच नसते, हेंहि तितकेंच खरें. ज्यांचें पुस्तक कोणी उघडलें नव्हतें, त्यांचें नांव आतां खंदकांतल्या साध्या शिपायाच्या ओठीं आलें.

आपल्या देशाशींहि ह्या नांवाचा संबंध आहे. पोलिओनें पाय लुळे पडलेलीं व कॅलिपर घालून खटखट करीत शाळेंत येणारीं मुलें एके काळीं गांवोगांवीं दिसत. त्यांच्या पायांतील त्या सळया म्हणजे नेल्सन स्ट्रीटच्या भात्यावर वांकविलेल्या सळयांचीच संतति होय. १९५५ नंतर आलेल्या लशींमुळें तो रोग हटला. भारतांत त्याचा शेवटचा रोगी १९११ सालीं नव्हे तर शंभर वर्षांनीं, २०११ च्या जानेवारींत आढळला, आणि २०१४ सालीं आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आतां अशीं साधनें बहुधा हलक्या प्लॅस्टिकचीं होतात, मांडीचें मोडकें हाड आंत सळई घालून सांधतात, आणि रोग्यास शक्य तितक्या लवकर हालतें करितात. पण साधनें करणाऱ्याला अजूनहि तेच प्रश्न विचारावे लागतात: भार कोठून काढावयाचा, शरीराचा कोणता भाग तो सोसूं शकेल, सांधा कोणत्या स्थितींत धरावयाचा, आणि हें साधन ह्याच माणसाच्या मापाचें आहे कीं नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रांत दोन पुरुषांची कीर्ति एकमेकांत गुंतलेली आहे. एकानें सत्य शोधलें व तें एकट्यानें धरून ठेविलें. दुसऱ्यानें तें गोड शब्दांनीं व चोख कामानें जगाच्या गळीं उतरविलें. पहिल्याच्या निष्ठेवांचून दुसऱ्याजवळ देण्यासारखें कांहीं नसतें, आणि दुसऱ्याच्या सौजन्यावांचून पहिल्याची विद्या त्याच्याबरोबर मातींत गेली असती. शिवाय लोहाराचा भाता व डॉक्टराचा ग्रंथ एका घरांत नांदले, म्हणून हें सारें घडलें. आपल्यांतील ज्यांचे वडील हातानें काम करितात, त्यांनीं त्या कामाची कधीं लाज बाळगूं नये. हाडवैद्याच्या मुलानें शिकून सवरून आपल्या घराण्याचे हात टाकून दिले असते, तर जगाला एक आणखी डॉक्टर मिळाला असता. टॉमस मात्र मिळाले नसते.